चेहरा न दिसताही माणूस शोधणारे कॅमेरे: काम कसं चालतं आणि सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत ते कुठे अडतं

मोठी यात्रा जवळ आली की 'यंदा एआय कॅमेऱ्यांची नजर' ही बातमी ठरलेली. पंढरपूरची आषाढी असो की कुंभमेळा. वाचणाऱ्याची समजूत होते की कॅमेऱ्यासमोरून कोणीही गेलं की पडद्यावर त्याचं नाव उमटतं. रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांबाबत हे बहुतेक वेळा खरं नसतं. तिथे ज्या तंत्राचा खरा उपयोग होतो त्याला पर्सन री-आयडेंटिफिकेशन, थोडक्यात री-आयडी म्हणतात. एका कॅमेऱ्यात दिसलेला माणूस शहरातल्या दुसऱ्या कॅमेऱ्यात पुन्हा शोधायचा, एवढंच त्याचं काम. त्याला नाव माहीत नसतं आणि चेहराही लागत नाही.

हरवलेलं मूल किंवा वाट चुकलेले आजोबा शोधायला हे तंत्र फार मोलाचं आहे. पण ते उत्तर देत नाही, 'यांच्यापैकी कोणी असेल' अशी यादी देतं. या यादीलाच कोणी ओळख समजलं तर भलत्याच माणसामागे ससेमिरा लागतो. म्हणून आत काय चालतं ते प्रत्येकाला ठाऊक असायला हवं.

चेहरा का पुरत नाही?

चित्रात एका मीटर रुंदीच्या वाट्याला किती पिक्सेल येतात यावर सगळं अवलंबून असतं. पिक्सेल म्हणजे चित्राचा सर्वांत लहान ठिपका. सीसीटीव्हीच्या आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीतला ढोबळ हिशोब असा: मीटरला २५ पिक्सेल मिळाले तर तिथे माणूस आहे एवढं कळतं. ६२ मिळाले तर कपड्यांसारख्या खुणा दिसतात. ओळखीचा माणूस ओळखायला १२५ लागतात आणि अनोळखी माणसाची ओळख पटवायला २५०.

आता सोलापूरच्या सात रस्त्यासारख्या मोठ्या चौकात ४ मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे असं धरू. त्याच्या चित्राची रुंदी २५६० पिक्सेल. सगळा चौक दिसावा म्हणून तो ४० मीटर रुंदीवर रोखला, तर मीटरला ६४ पिक्सेल पडतात. माणसाचा चेहरा साधारण १५ सेंटीमीटर रुंद, म्हणजे त्याला जेमतेम १० पिक्सेल मिळतात. एवढ्यात डोळे, नाक, जिवणी काहीच उरत नाही. मात्र साडेपाच फुटी माणसाच्या अख्ख्या अंगाला त्याच चित्रात शंभरावर पिक्सेल उंची मिळते. शर्टाचा रंग, पँट की धोतर, पाठीवरची पिशवी, चप्पल की बूट हे सारं त्यात मावतं.

त्यात कॅमेरा उंच खांबावर, म्हणजे चेहऱ्याऐवजी टाळू दिसण्याचीच शक्यता जास्त. आणि सोलापूरचं ऊन! एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपलीकडे गेला की दुपारी दुचाकीवर कोणी उघड्या तोंडाने फिरत नाही. बायका स्कार्फ बांधतात, पुरुष रुमाल गुंडाळतात. चेहऱ्यावर विसंबलेलं यंत्र अशा दुपारी आंधळंच असतं.

विचारणा ते यादी: मधल्या पायऱ्या

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेत होम मैदानावर सहा वर्षांचा मुलगा आईच्या हातून सुटला, असं समजा. आईने सांगितलेल्या वेळेवरून नियंत्रण कक्षातला ऑपरेटर प्रवेशद्वाराच्या कॅमेऱ्यात मुलाचं चित्र शोधतो आणि त्याभोवती चौकट ओढतो. ही विचारणा.

बाकीच्या कॅमेऱ्यांवरचं काम तोवर आपोआप चाललेलंच असतं. कॅमेरा सेकंदाला साधारण २५ चित्रं देतो. त्यांतली पाच-सहा तपासली तरी भागतं. प्रत्येक चित्रात शोधक प्रोग्रॅम माणसांभोवती चौकटी आखतो. पुढच्या चित्रात तीच चौकट थोडी सरकलेली असते. अशा सरकत्या चौकटी जोडून एका माणसाची एक साखळी होते, तिला ट्रॅक म्हणतात. दहा सेकंदांत समोरून गेलेल्या माणसाच्या ट्रॅकमध्ये पन्नासेक चौकटी जमतात. त्यांतल्या धूसर आणि अर्धवट काढून टाकून मोजक्या चांगल्या ठेवल्या जातात.

निवडलेली चौकट २५६ पिक्सेल उंच आणि १२८ रुंद अशा ठरलेल्या मापात बसवून मॉडेलला, म्हणजे उदाहरणांवरून शिकलेल्या प्रोग्रॅमला दिली जाते. मॉडेल तिच्या बदल्यात आकड्यांची एक ओळ देतं. रेसनेट-५० या पायावरचं मॉडेल २०४८ आकडे देतं, ओएसनेटसारखं हलकं मॉडेल ५१२. या ओळीला वेक्टर म्हणतात. मग मुलाचा वेक्टर आणि बाकीच्या कॅमेऱ्यांतून जमलेल्या साठ्यातले सगळे वेक्टर यांच्यातलं अंतर मोजायचं आणि सर्वांत कमी अंतराचा सर्वांत वर अशी यादी लावायची. इथे यंत्राचं काम संपतं. पहिली वीस-तीस चित्रं डोळ्यांनी बघून 'हा तोच' म्हणणं ऑपरेटरचं काम.

बिघाड बहुतेक वेळा या पायऱ्यांच्या सुरुवातीलाच होतो. गर्दीत दोन माणसं एकाच चौकटीत येतात. एकमेकांना ओलांडताना ट्रॅकची अदलाबदल होते, मग अर्धी साखळी मुलाची आणि उरलेली शेजारून गेलेल्या भलत्याच कोणाची. चौकटच चुकली तर पुढचं मॉडेल कितीही महागडं असून उपयोग नाही.

एक बारीक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सगळ्या चौकटी एकाच मापात बसवल्याने खरी उंची पुसली जाते. सहा वर्षांचा लाल शर्टवाला आणि तीस वर्षांचा लाल शर्टवाला मॉडेलपुढे सारख्याच उंचीचे होऊन येतात. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, तेवढीच खूण उरते. मुलाच्या शोधात मोठी माणसं यादीत वर आली तर ऑपरेटरने गोंधळू नये. कॅमेऱ्यापासूनच्या अंतराचा हिशोब करून उंची वेगळी काढता येते आणि चांगल्या यंत्रणेत तशी गाळणी लावलेली असते.

आकड्यांच्या ओळीत असतं तरी काय?

चादरीच्या धंद्यात असलेल्यांना शेडकार्ड सांगावं लागत नाही. गडद किरमिजीच्या शेजारी थोडा फिका किरमिजी, आणि हिरवा पार दुसऱ्या टोकाला. दोन शेड किती जवळच्या ते त्यांच्या जागेवरून कळतं. वेक्टर म्हणजे माणसाच्या दिसण्याची अशी जागा. फरक इतकाच की कार्डावर आडवं आणि उभं अशा दोनच दिशा असतात, इथे ५१२ किंवा २०४८ असतात. तिसरा आकडा म्हणजे शर्टाचा रंग, नववा म्हणजे चप्पल, अशी वाटणी नसते. एकेकट्या आकड्याला अर्थ नाही. दोन ओळींमधल्या अंतराला अर्थ आहे.

ही जागा मॉडेलला कोणी हाताने दाखवून देत नाही. उदाहरणांवरून ते स्वतः शिकतं. मॉडेलला एका वेळी १६ माणसांची प्रत्येकी ४, अशी ६४ चित्रं देण्याची पद्धत रूढ आहे. प्रत्येक चित्रासाठी त्याच माणसाचं सर्वांत लांब पडलेलं चित्र आणि दुसऱ्या माणसाचं सर्वांत जवळ आलेलं चित्र शोधायचं. पहिलं जवळ ओढायचं, दुसरं दूर ढकलायचं, आणि दोन्हींत ठरावीक फट राहीपर्यंत हे चालू ठेवायचं. तीन-तीन चित्रांच्या या शिकवणीला ट्रिप्लेट लॉस म्हणतात. सोपी जोडी मुद्दाम घेत नाहीत, कारण लाल साडी आणि निळी पँट वेगळी आहेत हे शिकवण्यात काही हाती लागत नाही. दोन वेगवेगळ्या माणसांचे जवळपास सारखे पांढरे सदरे समोर ठेवले तरच मॉडेल पिशवीचा पट्टा, पॅंटची घडी, चपलेचा अंगठा असं काही बघायला लागतं.

शिकवताना चित्राचा एखादा चौकोनी तुकडा अधूनमधून मुद्दाम पुसतात. रस्त्यावर माणूस अर्धा हातगाडीमागे, अर्धा रिक्षामागे असतो. एकाच खुणेवर भिस्त ठेवायची नाही ही सवय मॉडेलला यातून लागते.

शिकवायला चित्रं कुठून येतात तेही पाहायला हवं. या क्षेत्रात सर्वाधिक वापरल्या गेलेल्या चित्रसंचांपैकी एक म्हणजे मार्केट-१५०१. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. चीनमधल्या त्सिंगहुआ विद्यापीठाच्या आवारात, एका सुपरमार्केटसमोर लावलेल्या सहा कॅमेऱ्यांतून तो घेतला. १५०१ माणसं आणि ३२,६६८ चौकटी. त्यांतली ७५१ माणसं शिकवणीला आणि ७५० परीक्षेला. नंतरचा एमएसएमटी-१७ मोठा आहे: १५ कॅमेरे, ४१०१ माणसं. यांत नऊवारी नाही, धोतर नाही, घोंगडी नाही, बुरखा नाही. डोक्यावर गाठोडं घेतलेली बाई नाही. आपल्या गावात यंत्र लावणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारायचा: मॉडेल कोणाची चित्रं पाहून शिकलं?

एकाच माणसाची दोन रूपं

कारखान्यातल्या ट्यूबलाइटखाली जुळलेली शेड उन्हात नेल्यावर वेगळी निघते, हे रंगाईच्या कामात मुरलेला माणूस जाणतो. कॅमेऱ्यांचं तसंच होतं. नवी पेठेत दुकानासमोरच्या कॅमेऱ्यात पिवळसर उजेड, तर पार्क चौकातल्या कॅमेऱ्यात भर दुपारचं पांढरं ऊन. एकच शर्ट एकीकडे मोरपंखी आणि दुसरीकडे राखाडी होतो. प्रत्येक कंपनीचा कॅमेरा रंग आपल्या पद्धतीने सुधारतो, ती भर वेगळी.

रात्री अडचण वाढते. अंधार पडला की बहुतेक कॅमेरे इन्फ्रारेडवर जातात, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, साधारण ८५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या उजेडावर. चित्र करडं होतं. अनेक रंगद्रव्यं हा उजेड शोषत नाहीत, परतवतात. त्यामुळे उजेडात कुळकुळीत काळी दिसणारी पँट रात्रीच्या चित्रात फिकट किंवा पांढरीसुद्धा दिसते. सायंकाळी सहाचं चित्र घेऊन रात्री नऊच्या कॅमेऱ्यात शोधायला गेलं तर साधं मॉडेल पार चुकतं. दिवस-रात्रीच्या अशा जुळणीचं वेगळं शिक्षण द्यावं लागतं. त्यासाठी २०१७ मध्ये एसवायएसयू-एमएम०१ हा ४९१ माणसांचा संच तयार झाला, त्यात चार साधे आणि दोन इन्फ्रारेड कॅमेरे होते. यात्रेसारख्या ठिकाणी त्याहून सोपा उपाय म्हणजे महत्त्वाच्या जागी भरपूर पांढरे दिवे लावून कॅमेरा इन्फ्रारेडवर जाऊच द्यायचा नाही.

कोन बदलला की गोंधळ आणखी वाढतो. समोरून पाहिलं तर छापील चित्राचा टीशर्ट, पाठीमागून पाहिलं तर कोरा. पाठीवर सॅक असेल तर समोरून फक्त दोन पट्टे दिसतात. म्हणून एकाच चित्रावरून विचारणा करू नये. समोरचं, बाजूचं आणि पाठचं अशी तीन चित्रं मिळाली तर यादी खूप सुधारते.

सगळेच पांढऱ्या बाराबंदीत असतील तर?

सोलापूरकरांनी हा प्रश्न विचारायलाच हवा. री-आयडी मुख्यतः कपडे ओळखतं, माणूस नाही. सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज ६८ लिंगांच्या वाटेवर निघतात, अक्षता सोहळ्याला माणसांचा पूर लोटतो, आणि या गर्दीतले असंख्य पुरुष पांढऱ्या बाराबंदीत आणि धोतरात असतात. वारीतही पांढरा सदरा, पांढरी टोपी. मॉडेलने दूर ढकलायला शिकलेल्या खुणाच इथे पुसल्या जातात. हजारो वेक्टर एकाच जागी गोळा होतात आणि यादीतला पहिला आणि तीनशेवा यांच्या अंतरात फारसा फरक राहत नाही.

यावर काही उपाय आहेत. २०१८ मध्ये पुढे आलेल्या एका पद्धतीत चौकटीचे वरून खाली सहा आडवे पट्टे करतात आणि प्रत्येक पट्ट्याचा वेक्टर वेगळा काढतात. छातीचा पट्टा सगळ्यांचा पांढरा असला तरी डोक्याच्या पट्ट्यात फेटा, टोपी, टक्कल आणि पायाच्या पट्ट्यात चप्पल, बूट, अनवाणी पाय असा फरक शिल्लक राहतो. पण गर्दीत पाय दिसतच नाहीत, सर्वांत खालच्या पट्ट्यात पुढच्या माणसाची पाठ येते. म्हणून प्रत्येक पट्टा किती उघडा आहे हे तपासून झाकलेला पट्टा हिशोबातून वगळावा लागतो.

मॉडेलला स्थानिक चित्रांवर पुन्हा शिकवणं हा दुसरा उपाय. प्रत्येक चित्रावर 'हा माणूस क्रमांक अमुक' असं हाताने लिहिणं अशक्य, म्हणून मॉडेललाच एकसारख्या वेक्टरांचे पुंजके करायला लावतात. प्रत्येक पुंजका म्हणजे तात्पुरता एक माणूस धरून पुन्हा शिकवतात, मग नवे पुंजके, पुन्हा शिकवणी. सात रस्त्यावरच्या रोजच्या रहदारीवर हे बरं चालतं. गड्ड्याच्या चित्रांवर मात्र ते उलटतं. पांढऱ्या कपड्यांतली शंभर माणसं एका पुंजक्यात जातात, मॉडेल त्यांना एकच समजून आणखी जवळ ओढतं, आणि दर फेरीला चूक पक्की होत जाते. कधी पुंजके माणसांचे न होता कॅमेऱ्यांचे होतात, एका कॅमेऱ्याच्या पिवळट उजेडातले सगळे एकत्र. अशी शिकवणी साध्या दिवसांच्या चित्रांवर करावी आणि यात्रेची चित्रं फक्त परीक्षेला ठेवावीत.

कपडे बदलले तर? तर बहुतेक मॉडेलं हात टेकतात. पीआरसीसी आणि एलटीसीसी हे संच २०१९-२० मध्ये खास याच अभ्यासासाठी केले गेले, आणि त्यांवर अचूकता फार घसरते हे दिसलं. बांधा आणि चाल यांवरून ओळखण्याचे प्रयत्न चालू आहेत. रस्त्यावर भरवसा ठेवावा एवढे ते पक्के नाहीत. आज तरी री-आयडी हे एका दिवसाचं साधन आहे. सकाळी हरवलेला माणूस त्याच दिवशी शोधायला चांगलं, मागच्या महिन्यातला शोधायला नाही.

अर्धं काम घड्याळ करतं

दिसणं सारखं झालं की वेळ आणि अंतर मदतीला येतात. दोन कॅमेऱ्यांत १२०० मीटरची वाट आहे असं धरा. माणूस सेकंदाला साधारण १.३ मीटर चालतो, म्हणजे पंधरा-सोळा मिनिटं लागतील. गर्दी आणि रेंगाळणं धरून पहिल्या कॅमेऱ्यानंतरची १० ते ३० मिनिटं तपासायची आणि बाकीचा दिवस सोडून द्यायचा. साठ्यातले लाखभर वेक्टर असे काही हजारांवर येतात आणि यादी एकदम स्वच्छ होते. मॉडेल बदलूनही जेवढा फायदा होत नाही तेवढा बऱ्याचदा एवढ्याने होतो.

अट एकच: सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळं जुळलेली हवीत. एका कॅमेऱ्याचं घड्याळ आठ मिनिटं मागे असेल, तर नुकताच घाईने पोचलेला माणूस निघाल्यापासून दहा मिनिटांच्या आतच तिथे दिसतो आणि गाळणी त्याला बाहेर फेकते. वीज गेल्यावर रेकॉर्डर पुन्हा सुरू झाला की हे हमखास घडतं. म्हणून सगळी घड्याळं एका सर्व्हरवरून आपोआप जुळवणारी एनटीपी ही सोय चालू हवी आणि यात्रेच्या आदल्या दिवशी ती एकेका कॅमेऱ्यावर तपासायला हवी. काचेवरची धूळ आणि वाऱ्याने फिरलेलं तोंड याच फेरीत बघून घ्यावं.

'९५ टक्के अचूक' म्हणतात, मग शंका कशाला?

मार्केट-१५०१ च्या परीक्षेत चांगली मॉडेलं ९५ टक्क्यांच्या वर जातात, हे खरं आहे. पण तो आकडा कशाचा ते पाहा. यादीतलं पहिलंच चित्र बरोबर निघण्याचं ते प्रमाण. आणि परीक्षेत शोधायचा माणूस साठ्यात असतोच असतो, याची हमी दिलेली असते. प्रत्यक्षात मुलगा कदाचित मैदानाबाहेर कॅमेरा नसलेल्या बोळात गेलेला असतो. यंत्राला ते कळत नाही. ते तरीही यादी देतं, आणि वरच्या जागी कोणीतरी असतंच. 'इथे तो नाही' हे म्हणता येण्यासाठी अंतराची मर्यादा ठरवावी लागते. ती कडक ठेवली तर खरा माणूस सुटतो, सैल ठेवली तर खोट्या सूचनांचा पाऊस पडतो.

दुसरी गोष्ट, परीक्षा त्याच आवारातल्या चित्रांवर झाली. साध्या पद्धतीने एका संचावर शिकलेलं मॉडेल दुसऱ्या शहराच्या संचावर तसंच वापरलं की पहिल्या क्रमांकाची अचूकता निम्म्याहून खाली जाते, हे संशोधनात वारंवार दिसलं आहे. नवी मॉडेलं सावरतात, पण घसरण टळत नाही. आपल्या शहरातली अचूकता आपल्या शहरातच मोजावी लागते.

आणि साधा गुणाकार करून पाहा. यात्रेच्या एका दिवशी एक लाख ट्रॅक तपासले आणि खोटी जुळणी हजारात फक्त एक झाली, तरी शंभर खोट्या सूचना येतात. शोधायचा माणूस एक. यंत्राने त्यालाही पकडलं असं धरलं, तरी सूचना आलेल्या १०१ जणांपैकी शंभर निर्दोष असतात. मूल शोधताना हे चालतं, शंभर चित्रं बघायला दहा मिनिटं लागतात. संशयित शोधताना त्या शंभर जणांना चौकशीला बोलावलं तर तो अन्याय आहे.

'नावं साठवत नाहीत, मग धोका कसला?'

हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो, पण हिशोबाला टिकत नाही. एक कॅमेरा सेकंदाला ४ मेगाबिट वेगाने रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला सुमारे ४३ जीबी व्हिडिओ साठतो. जागा पुरत नाही म्हणून काही आठवड्यांनी तो आपोआप पुसला जातो. ५१२ आकड्यांचा वेक्टर मात्र २ किलोबाइटचा. दिवसाला वीस हजार ट्रॅक धरले तरी ४० एमबी, आणि अख्ख्या वर्षाचे १५ जीबीसुद्धा नाहीत. एका दिवसाच्या व्हिडिओच्या जागेत तीन वर्षांच्या हालचाली मावतात! व्हिडिओ पुसला म्हणून निर्धास्त झालेल्या नागरिकाच्या वाटा वेळ आणि जागेसकट मागे राहू शकतात. एका ठिकाणी नाव जोडलं गेलं की त्या दिवसाची पूर्ण वाट त्या नावाची होते. मोबाइलवरून केलेलं पेमेंट किंवा गाडीचा नंबर एवढं त्याला पुरतं.

संशोधकांनाही याचा धडा मिळाला आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या आवारात २०१४ मध्ये आठ कॅमेऱ्यांतून चित्रित केलेला संच जगभर वापरला गेला आणि खासगीपणाच्या आक्षेपांनंतर २०१९ मध्ये मागे घेतला गेला. तोवर त्याच्या प्रती ठिकठिकाणी पोचल्या होत्या.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ज्यावरून माणूस ओळखता येतो अशा माहितीला लागू होतो. त्यात गुन्हे रोखणं आणि तपास यांसाठी बऱ्याच तरतुदींतून सूट आहे. म्हणूनच वेक्टर किती दिवस ठेवायचे, कोणी कोणाची विचारणा केली याची नोंद राहते का, ती नोंद बाहेरचा कोणी तपासतो का, हे नियम खरेदीच्या कागदातच लिहून घ्यायला हवेत. यात्रेसाठी वेक्टर यात्रा संपल्यावर आठवडाभरात पुसले तरी मूळ कामाला काही कमी पडत नाही.

न्यायालयात काय चालतं?

यादीतला पहिला क्रमांक हा पुरावा नाही. मूळ व्हिडिओ पुरावा होऊ शकतो, तोही नियम पाळला तर. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून झालेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये निर्वाळा दिला की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत दाखल करताना प्रमाणपत्र अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये हे प्रमाणपत्र आहे आणि त्यात फाइलचं हॅश मूल्यही लिहावं लागतं. हॅश म्हणजे फाइलवरून काढलेला आकडा, फाइलमधला एक ठिपका बदलला तरी तो बदलतो. तेव्हा री-आयडीने व्हिडिओ कुठे बघायचा ते दाखवावं, मग तो व्हिडिओ मूळ रेकॉर्डरवरून रीतसर काढावा आणि ओळख साक्षीदाराने किंवा इतर पुराव्याने पटवावी.

यात्रेला जाताना घरच्यांनी काय करावं

मैदानात शिरण्याआधी मुलांचे आणि म्हाताऱ्या माणसांचे मोबाइलवर दोन फोटो काढा, एक समोरून आणि एक पाठीमागून, डोक्यापासून चपलेपर्यंत पूर्ण. चेहऱ्याचा जवळून घेतलेला फोटो पोलिसांना आणि स्वयंसेवकांना कामाचा, पण कॅमेऱ्यात शोधायला पूर्ण अंगाचाच लागतो. फोटोवर मोबाइलची वेळ असते आणि ती सहसा अचूक असते, तिचा उपयोग ऑपरेटरला लगेच होतो. पांढरे कपडे घालायचेच असतील तर एखादी ठळक खूण द्या. भडक रंगाची टोपी किंवा खांद्यावर आडवी लाल पट्टी पुरते. ती छातीच्या वर हवी, कारण गर्दीत खालचं काही दिसत नाही.

कोणी हरवलंच तर मदत केंद्रावर 'आत्ताच इथे होता' एवढं न सांगता शेवटचं कुठे आणि किती वाजता पाहिलं ते सांगा. अंगात स्वेटर होता का, तो काढलेला असू शकतो का, हातात फुगा किंवा खेळणं होतं का, हेही सांगा. स्वेटर काढला की यंत्राच्या लेखी तो दुसराच मुलगा होतो, म्हणून दोन्ही रूपांची वेगळी विचारणा करायला लावा. आणि मूल सापडलं की तडक केंद्रावर कळवा. विचारणा चालू राहिली तर तसाच शर्ट घातलेल्या दुसऱ्या मुलांवर सूचना येत राहतात आणि ज्या ऑपरेटरने पुढचं हरवलेलं मूल शोधायचं तो त्यांतच अडकून पडतो.